श्रवणशास्त्राचा प्राध्यापक हवाय? मग जाहिरातीच्या आधीपासून सुरुवात करा

आमच्या पहिल्या जाहिरातीला सात अर्ज आले. दोन कर्णबधिर मुलांच्या शाळेतले बी.एड. शिक्षक, एक फिजिक्सचे एम.एस्सी. (ध्वनी हा भाग चांगला केला होता म्हणे), एक श्रवणयंत्रांच्या दुकानातला डिप्लोमाधारक, एक कान-नाक-घशाचे निवृत्त डॉक्टर आणि एक नुकतीच बीएएसएलपी, म्हणजे वाचा-श्रवणाची पदवी, झालेली मुलगी. सातवा अर्ज तेवढा खरा होता. मैसूरला शिकलेल्या एका बाईंचा. त्यांनी सोबत चिठ्ठी जोडली होती: "आपण नेट किंवा सेट अनिवार्य म्हटले आहे. आमच्या विषयात नेट होतच नाही. तरी अर्ज ग्राह्य धरणार का?"

ती जाहिरात मीच उतरवली होती, इंग्रजीच्या जागेसाठी निघालेल्या जुन्या जाहिरातीवरून. विषयाचं नाव तेवढं बदललं होतं. चिठ्ठीला उत्तर द्यायचं कुणी, कोणाच्या सहीने, यात अडीच महिने गेले. तोवर बाई दुसरीकडे रुजू झाल्या, आणि आमची जागा पुढे दोन वर्षं रिकामी राहिली.

मी आस्थापना विभागातला माणूस. ऑडिओलॉजी, म्हणजे श्रवणशास्त्र, मला येत नाही, पण ऑडिओलॉजीचा माणूस कसा आणायचा हे चुका करत करत शिकलो. मराठवाड्यातल्या एखाद्या कॉलेजात वा विद्यापीठात ही फाइल पहिल्यांदाच ज्यांच्या टेबलावर आली आहे, त्या प्राचार्यांसाठी, विभागप्रमुखांसाठी आणि माझ्यासारख्या कारकुनांसाठी हे लिहितोय. मराठीच्या किंवा कॉमर्सच्या जागेला अर्जांचे गठ्ठे येतात आणि आपलं काम चाळणी लावण्याचं असतं. इथे पात्र माणूस एखाद-दुसराच येतो, आणि तोही चार ठिकाणी पाहत असतो. त्यामुळे कामाचा क्रमच उलटा लावावा लागतो.

आधी, आपल्याला नेमकं कोण हवं आहे?

संस्थेच्या बैठकीत "कानाचे डॉक्टर", "स्पीच थेरपिस्ट", "बहिऱ्या मुलांचे मास्तर" हे सगळे शब्द एकाच माणसासाठी वापरले जातात. तिथेच घोळ सुरू होतो.

कान-नाक-घशाचे डॉक्टर एमबीबीएस होऊन पुढे एम.एस. किंवा डिप्लोमा केलेले. कानाचा आजार बघणं, औषध देणं, शस्त्रक्रिया करणं त्यांचं काम. ऑडिओलॉजिस्ट ऐकू किती येतं ते मोजतो, ऐकण्याच्या वाटेत बिघाड कुठे आहे ते शोधतो, श्रवणयंत्र बसवतो, कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवलेलं यंत्र) झाल्यावर त्या यंत्राचं प्रोग्रॅमिंग करतो. वाचा-भाषा तज्ज्ञ बोलणं, भाषा आणि गिळणं यांवर काम करतो. कर्णबधिरांचे विशेष शिक्षक वर्गात शिकवतात. चौघांचं एकमेकांवाचून चालत नाही, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

पदवीची शिडी अशी. बीएएसएलपी चार वर्षांची, त्यात तीन वर्षं शिकण्याची आणि एक इंटर्नशिपचं. पुढे दोन वर्षांची मास्टर्स. काही ठिकाणी ती एकत्र, म्हणजे एमएएसएलपी. मैसूरसारख्या ठिकाणी एम.एस्सी. ऑडिओलॉजी आणि एम.एस्सी. वाचा-भाषा अशी वेगवेगळी. त्यावर पीएच.डी. एक वर्षाचा डीएचएलएस हा डिप्लोमा वेगळा. तो झालेली मुलं चाचण्या आणि थेरपीच्या कामात मदत करतात, पदवीच्या वर्गावर प्राध्यापक म्हणून त्यांना नेमता येत नाही.

श्रवणविज्ञान म्हणजे या सगळ्याचा पाया: ध्वनीचं भौतिकशास्त्र, कानाची आणि श्रवण-चेतेची रचना, माणसाला आवाज कसा जाणवतो, यंत्रं कशी चालतात. हे शिकवायला चांगला फिजिक्सवाला पुरेल असं बैठकीत कुणीतरी म्हणतंच. पाहुणा म्हणून चार तास घ्यायला पुरेल. पण डेसिबलचं लॉगॅरिदम फळ्यावर सोडवून झाल्यावर "मग शेजारच्या खोलीतल्या आजींना चाळीस डेसिबलचा तोटा आहे, म्हणजे त्यांना घरात काय ऐकू येत नसेल?" या प्रश्नाचं उत्तर त्याला देता यायचं नाही.

तुमचा अभ्यासक्रम बीएएसएलपीचा असेल तर दोन्ही बाजूंची, म्हणजे श्रवणाची आणि वाचा-भाषेची, माणसं लागतील. पहिली जागा कोणती भरताय ते कागदावर लिहा आणि त्याखाली विषयांची नावं लिहा. एवढं केलं की पुढचे निम्मे वाद होत नाहीत.

तीन मालक, तीन कागद

या जागेवर तिघांचा अधिकार चालतो. पहिली भारतीय पुनर्वास परिषद, जिला सगळे आरसीआय म्हणतात. १९९२ च्या कायद्याने ती उभी आहे, अभ्यासक्रमाला मान्यता तीच देते आणि प्रत्येक व्यावसायिकाची नोंद केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत ठेवते. तो नोंदणी क्रमांक म्हणजेच सीआरआर नंबर. नोंदणीशिवाय हा व्यवसाय करणं हा त्या कायद्याच्या कलम १३ खाली गुन्हा आहे. दुसरं तुमचं संलग्न विद्यापीठ. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली असाल तर तिथले नियम, छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडच्या विद्यापीठाखाली असाल तर तिथले. तिसरं, पद शासनमान्य असेल तर शासन आणि यूजीसी.

तिघांचे अर्हतेचे कागद शेजारी शेजारी ठेवा. एकाची अट दुसऱ्याहून कडक असेल तर कडक असेल तीच घ्या. हे काम जाहिरातीनंतर करू नका. निवड झालेल्या माणसाची मान्यता तांत्रिक कारणाने अडकली की त्याचा पगार अडकतो, आणि पगार अडकलेला ऑडिओलॉजिस्ट दुसऱ्या महिन्यात निघून जातो. नोंदणी असली की त्याला स्वतःचं क्लिनिक उघडता येतं.

नेटचं म्हणाल तर, यूजीसीच्या २०१८ च्या विनियमांतच तोडगा आहे: ज्या विषयांत नेट, सेट घेतलीच जात नाही, त्या विषयांना ती अट लागू नाही. ऑडिओलॉजी हा नेटच्या विषयांत नाही. हे वाक्य मी पहिल्या जाहिरातीच्या आधी वाचलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. सहायक प्राध्यापकाला मास्टर्समध्ये ५५ टक्के गुण लागतात, आणि राखीव प्रवर्गातल्या व दिव्यांग उमेदवारांना त्यात ५ टक्क्यांची सवलत आहे.

बिंदुनामावली, म्हणजे कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची हे ठरवणारी यादी, हा ज्याच्या त्याच्या घरचा मामला. अनुदानित किंवा शासकीय पद असेल तर ती विभागीय आयुक्तालयातल्या मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यावी लागते, आणि 'मावक'ची फाइल किती दिवस बसेल हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. म्हणून ती सर्वांत आधी हलवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे शासकीय पदांत ४ टक्के आरक्षण आहे, त्यातला १ टक्का कर्णबधिर आणि कमी ऐकू येणाऱ्यांसाठी. श्रवणशास्त्राच्या मुलाखतीला श्रवणयंत्र लावलेला उमेदवार आला तर समितीने चमकून बघू नये. प्रश्न लेखी हवेत का, सांकेतिक भाषेचा दुभाषा हवा का, हे पत्रातच विचारून ठेवा.

जाहिरात लिहिताना

वर्तमानपत्रात चौरस सेंटिमीटरला पैसे पडतात म्हणून आपण जाहिरात आखडती घेतो. घ्या, पण संकेतस्थळावर पूर्ण मजकूर ठेवा. आमच्या तिसऱ्या जाहिरातीतला मजकूर साधारण असा होता:

"सहायक प्राध्यापक, ऑडिओलॉजी, एक जागा. आरसीआय-मान्य संस्थेतून एमएएसएलपी किंवा एम.एस्सी. ऑडिओलॉजी, चालू सीआरआर नोंदणी आवश्यक. या विषयात नेट/सेट होत नसल्याने ती अट नाही. बीएएसएलपीच्या वर्गांना श्रवणविज्ञान, श्रवणचाचण्या आणि श्रवणयंत्रे हे विषय. आठवड्यातून तीन दिवस विद्यार्थ्यांसह ओपीडी. विभागात दोन कक्षांची ध्वनिरोधक खोली, ऑडिओमीटर, इम्पिडन्स, ओएई व बेरा यंत्रे आहेत. वेतन सातव्या आयोगाप्रमाणे शैक्षणिक स्तर १०, मूळ वेतन ५७,७०० पासून."

यंत्रांची यादी जाहिरातीत कशाला, असं आमच्या सचिवांनी विचारलं होतं. वाचणारा सगळ्यात आधी तेच बघतो. बेरा (आवाजाचा संदेश चेतेतून पुढे जातो का ते मोजणारं यंत्र) नसलेल्या विभागात तान्ह्या बाळाची चाचणी कशी करणार आणि विद्यार्थ्यांना काय दाखवणार? यंत्र नसेल तर "खरेदी प्रक्रियेत" असं खोटं लिहू नका. हा व्यवसाय लहान आहे. मंगळूरला केलेली थाप आठवड्यात मुंबईला पोचते.

पगाराचा आकडाही लिहा. "नियमानुसार" या शब्दावर बाहेरचा माणूस विश्वास ठेवत नाही, आणि त्याचं बरोबर आहे. तासिका तत्त्वावर ही जागा भरायचा विचार असेल तर तो आताच सोडा. तासाच्या हिशोबावर मराठीचे, इतिहासाचे नेट झालेले तरुण वर्षानुवर्षं राबतात, ती आपली लाज वेगळी. पण ऑडिओलॉजिस्टला श्रवणयंत्रांच्या कंपन्या बोलावतात, इम्प्लांटच्या कंपन्या बोलावतात, आणि स्वतःचं क्लिनिक आहेच.

माणसं कुठे सापडतात?

भारतात या विषयाचं शिक्षण मुंबईच्या नायर रुग्णालयाच्या टोपीवाला महाविद्यालयात आणि मैसूरच्या अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्थेत सुरू झालं, दोन्ही साठच्या दशकाच्या मध्यात; मैसूरची संस्था १९६५ ची. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. पुण्यात भारती विद्यापीठ आहे. मणिपाल आणि मंगळूरकडेही मोठी परंपरा आहे.

आपण मराठवाड्याची माणसं सवयीने मुंबई-पुण्याकडे बघतो. नांदेड, लातूर, धाराशिवच्या संस्थांनी एकदा उलट्या दिशेलाही बघावं. अली यावर जंग संस्थेचं केंद्र सिकंदराबादलाही आहे, आणि नांदेडहून हैदराबाद मुंबईच्या जवळपास निम्म्या अंतरावर आहे. देवगिरी एक्सप्रेस दोन्हीकडे जाते. नांदेडच्या सीमेवर देगलूर, बिलोली, धर्माबादकडे तेलुगू कानावर पडतेच, आणि लातूर-उदगीरच्या पलीकडे कन्नड. तिकडचा उमेदवार इथे परका ठरत नाही.

जाहिरातीपेक्षा फोन जास्त चालतो. या संस्थांच्या विभागप्रमुखांना फोन करा आणि एवढंच विचारा: "आमच्या भागातलं कुणी तुमच्याकडे शिकून गेलं का?" परभणीची, गेवराईची, औशाची मुलं मुंबईला शिकून तिथेच एखाद्या हॉस्पिटलात लागलेली असतात. आई-वडील इकडे, शेत इकडे. त्यांना परत यायचं असतं, पण कुणी विचारलेलं नसतं. आमची जागा शेवटी अशीच भरली. दुसरी जागा म्हणजे जिल्हा रुग्णालयातली शीघ्र हस्तक्षेप केंद्रं, जिथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून ऑडिओलॉजिस्ट नेमलेले असतात. ती बहुतेक कंत्राटी पदं आहेत. तिसरी, इंडियन स्पीच अँड हिअरिंग असोसिएशनचं वार्षिक अधिवेशन, इशाकॉन. तिथे मास्टर्सच्या शेवटच्या वर्षाची मुलं शोधनिबंध वाचतात. विभागातला एक माणूस तिथे पाठवा. तिकिटाचा खर्च जाहिरातीच्या खर्चाहून कमी येतो.

आणखी एक. या क्षेत्रात नवरा-बायको दोघेही याच विषयातले असणं नवलाचं नाही. दोन जागा असतील तर एकत्र काढा.

कागदपत्रं तपासताना

सीआरआर क्रमांक प्रमाणपत्रावर बघून समाधान मानू नका, परिषदेच्या संकेतस्थळावर टाकून पाहा. तीन गोष्टी बघायच्या: नाव, प्रवर्ग आणि मुदत. परिषदेकडे विशेष शिक्षकांचीही नोंद होते, म्हणून 'आरसीआय नोंदणी आहे' एवढ्यावर भुलू नका. प्रवर्ग ऑडिओलॉजिस्ट आणि वाचा-भाषा तज्ज्ञाचा हवा. नूतनीकरण राहिलेलं असेल तर उमेदवाराला बाद न करता रुजू होण्याआधी करून आणायला सांगा.

अनुभवाच्या पत्रात शिकवण्याचा अनुभव आणि क्लिनिकचा अनुभव वेगळा काढा. श्रवणयंत्राच्या कंपनीतली पाच वर्षं हा उत्तम अनुभव आहे, पण अध्यापनाच्या रकान्यात तो बसत नाही.

मुलाखतीआधी आपलीच खोली तपासा

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथे आम्ही तोंडघशी पडलो.

दुसऱ्या फेरीत मंगळूरहून एक तरुण आला होता. मुलाखत साडेअकराला, तो नऊलाच हजर. विभाग बघू का म्हणाला. शिपायाने ध्वनिरोधक खोली उघडून दिली. आम्ही ती मोठ्या कौतुकाने बांधलेली, आत निळा गालिचा, जाड दार. हा आत गेला, दार लावून घेतलं आणि पाच मिनिटं बाहेरच आला नाही. मी काचेतून बघतोय तर डोळे मिटून नुसता बसलेला. बाहेर आल्यावर त्याने विचारलं, "भिंतीपलीकडे जनरेटर आहे का?"

होता. सकाळी लाइट गेली की इमारतीला तोच. दाराला टेकून उभं राहिलं तर आपल्याला काही ऐकू यायचं नाही, पण हलकीशी घरघर आत झिरपायची. मग त्याने समजावून सांगितलं. चाचणीत आपण रुग्णाला ऐकू येणारा सर्वांत हळू आवाज शोधतो. खोलीत आधीच घरघर असेल तर २५० आणि ५०० हर्ट्झचे खालचे सूर त्यात बुडतात, आणि धडधाकट कानाचाही तिथे तोटा दिसतो. रुग्णाला कारण नसताना यंत्र लागतं किंवा प्रमाणपत्रावर चुकीचा आकडा चढतो. मग त्याने ऑडिओमीटरवरच्या कॅलिब्रेशनच्या (यंत्र अचूक मोजतंय ना, या तपासणीच्या) चिठ्ठीची तारीख वाचली. चिठ्ठी तीन वर्षांपूर्वीची होती. ते दरवर्षी करायचं असतं.

आम्ही त्याची मुलाखत घेतली खरी. पण त्याने आमची आधीच घेतली होती. निवड झाली, पत्र गेलं, तो आला नाही.

तेव्हा मुलाखतीच्या महिनाभर आधी हे करा. यंत्रांचं कॅलिब्रेशन करून घ्या. खोलीतला आवाज मोजून घ्या, मोजताना लिफ्ट, पंप, एसी, जनरेटर सगळं चालू ठेवून. हेडफोनची वायर तुटकी असेल तर बदला. ओपीडीचं गेल्या वर्षाचं रजिस्टर हाताशी ठेवा. किती रुग्ण येतात, किती बाळांची तपासणी होते, हे चांगला उमेदवार विचारणारच.

समिती बसवताना

यूजीसीच्या विनियमांप्रमाणे विद्यापीठातल्या निवड समितीवर कुलगुरू अध्यक्ष, तीन विषयतज्ज्ञ, अधिष्ठाता, विभागप्रमुख, कुलपतींचे प्रतिनिधी आणि राखीव घटक, महिला किंवा दिव्यांग यांचं प्रतिनिधित्व करणारे एक अभ्यासक असतात. चार जणांची गणपूर्ती, त्यात बाहेरचे दोन तज्ज्ञ हवेतच. संलग्न महाविद्यालयाची रचना वेगळी. ती आपल्या विद्यापीठाकडून लेखी घ्या.

अडचण त्या बाहेरच्या दोघांची आहे. ऑडिओलॉजीचे ज्येष्ठ प्राध्यापक मोजके, आणि ते सगळ्यांच्याच समित्यांवर असतात. आमचे दोघेही तज्ज्ञ एकाच गाडीने येणार होते. गाडी सहा तास उशिरा आली, गणपूर्ती झाली नाही, आणि दोन उमेदवार चहा पिऊन परत गेले. तेव्हापासून तज्ज्ञांना आदल्या दिवशी बोलावतो, वेगवेगळ्या गाड्यांनी. तिसऱ्याला राखीव म्हणून कळवून ठेवतो. विषयतज्ज्ञ म्हणून गावातल्याच कान-नाक-घशाच्या सर्जनला बसवायचा मोह होईल. त्यांना जरूर बोलवा, निमंत्रित म्हणून.

पाठ आणि रुग्ण

मुलाखतीच्या खोलीत फक्त प्रश्नोत्तरं केलीत तर बोलका माणूस निवडला जाईल. दोन गोष्टी करायला लावा.

एक, वीस मिनिटांचा पाठ, खऱ्या विद्यार्थ्यांसमोर. विषय आधी कळवा. मी 'मास्किंग' (एका कानाची चाचणी घेताना दुसऱ्याला गोंगाटाने झाकणं) सुचवेन, कारण तो सगळ्यांना अवघड जातो आणि समितीतल्या बाहेरच्या माणसालाही शिकवणं कसं आहे ते त्यावरून कळतं. फळ्यावर एक ऑडिओग्रॅम, म्हणजे ऐकण्याचा आलेख, काढून द्या: उजवा कान सगळ्या सुरांना १० डेसिबलवर, लाल गोल. डावा ६० वर, निळी फुली. डाव्या कानामागच्या हाडावरून घेतलेली नोंद मात्र १० वर. मास्किंगच्या खुणा कुठेच नाहीत. विचारा, "डाव्या कानाला काय झालंय?"

नवशिका म्हणेल, हाडावरून छान ऐकू येतंय, हवेतून येत नाही, म्हणजे मधल्या कानात अडथळा, सर्जनकडे पाठवा. ज्याला खरंच येतं तो खडू खाली ठेवून आधी विचारेल, "मास्किंग केलंय का?" कारण हेडफोनमधला आवाज साधारण ४० डेसिबलच्या वर गेला की कवटीतून पलीकडच्या कानात उतरू शकतो, आणि हाडावरचा कंपक तर दोन्ही कानांना एकदमच ऐकू जातो. डावा कान पूर्ण मेलेला असेल तरी उजवा त्याच्या वतीने हात वर करतो. चांगल्या कानात गोंगाट सोडून त्याला गुंतवून ठेवलं की डाव्याचं खरं रूप दिसतं. शेवटी आमच्याकडे निवड झालेल्या बाईंनी हे सांगताना दोन विद्यार्थ्यांना उभं केलं आणि म्हणाल्या, "हा गैरहजर आहे, हा त्याची हजेरी लावतोय. आता ह्याच्या कानाशी मी गाणं लावते, मग नाव पुकारते." मागच्या बाकावरची पोरं हसली आणि त्यांना मास्किंग कळलं. खरं तर मलाही तेव्हाच कळलं.

दुसरी गोष्ट, ओपीडीत एक रुग्ण. रुग्णाला आधी विचारून, त्याची तपासणी पुरती व्हावी अशा बेताने. तमाशा करू नका. गेवराईकडून नातवाला घेऊन आलेली आजी असेल तर उत्तम. "पोराला हाक मारली की बगत न्हाई, पन भांडं पडलं की दचकतंय. डाक्टर, हे बहिरं हाय का न्हाई?" या एका वाक्यात सगळी केस आहे. उमेदवार आजीला थांबवून पोराशी यंत्राने बोलतो, की आजीचं पुरतं ऐकून घेतो? भांड्याचा मोठा आवाज ऐकू येतो म्हणजे बोलणं ऐकू येतं असं नाही, हे तो तिच्या भाषेत सांगू शकतो का? ऊसतोडीला दिवाळीनंतर घर जाणार असेल तर पुढची तारीख तो कधीची देतो? या शेवटच्या प्रश्नावर मुंबईत दहा वर्षं काढलेला एक हुशार उमेदवार अडखळला होता. दोष त्याचा नव्हता, पण ते आम्हाला कळलं हे बरं झालं.

समितीसाठी आणखी दोन-तीन प्रश्न. ओएई येतंय पण बेरा येत नाही, अशा दीड वर्षाच्या मुलाबद्दल आई-वडिलांना काय सांगाल? (आतल्या कानाच्या पेशी काम करतात पण चेतेतून संदेश नीट जात नाही, ही शक्यता त्याच्या तोंडून यायला हवी. नुसत्या ओएईवर 'पास' म्हणून घरी पाठवलेली अशी मुलं नंतर सापडतात.) तांड्यावरचं मूल घरात गोरमाटी (बंजारा बोली) बोलतं आणि शाळेत गप्प बसतं, ते बोलण्यात मागे आहे की मराठीत नवं आहे, कसं ठरवाल? जालन्याच्या रोलिंग मिलमधल्या कामगाराच्या ऑडिओग्रॅमवर काय शोधाल? ४००० हर्ट्झपाशी पडलेली खाच, हे उत्तर सगळे देतात. पुढे जाऊन "मिलच्या दारात शिबिर घेऊन शिफ्टआधी तपासणी करीन, रात्रपाळीनंतर लगेच केली तर तात्पुरता तोटाही मोजला जाईल" असं म्हणणारा विरळा. त्याला सोडू नका.

लग्न झालंय का, मूल कधी, सासर कुठलं, हे विचारायचं नाही. आमच्या एका सदस्यांना तीनदा सांगावं लागलं.

होकार आणि रुजू होणं

निवड झाल्यावर पत्र टपालात टाकून मोकळे होऊ नका. त्याच संध्याकाळी फोन करा. समोरून प्रश्न येतील ते विषयाचे नसतील. नळाला पाणी किती दिवसांनी येतं? लातूरला २०१६ साली रेल्वेने पाणी आणलं होतं ते अजून लोकांच्या लक्षात आहे, आणि संभाजीनगरच्या पाण्याची कीर्तीही पसरलेली आहे. खरं सांगा. क्वार्टरला टाकी केवढी, बोअर आहे का, तेही सांगा. मुलांच्या शाळेचं विचारतील. जोडीदाराच्या नोकरीचं विचारतील. संध्याकाळी स्वतःची प्रॅक्टिस करता येईल का, हे आडून विचारतील. त्याचं उत्तर नियमात काय आहे ते बघून लेखीच द्या, "बघू नंतर" असं म्हणू नका.

आधीच्या नोकरीत नोटिशीचा काळ असतो, तेव्हा रुजू व्हायला मुदत द्या. आल्या दिवशी विद्यापीठाच्या शिक्षक-मान्यतेचा प्रस्ताव त्यांच्या सहीसाठी तयार असू द्या. परिषदेच्या तपासणीपुरती नावं दाखवून नंतर माणूस गायब, असले कागदी प्राध्यापक ठेवणाऱ्या संस्थाही आहेत. त्या वाटेला जाऊ नका. विद्यार्थ्यांना मास्किंग कागदावरून शिकता येत नाही.

आणि पहिल्या सहामाहीत नॅकच्या फाइली, परीक्षा विभाग आणि गॅदरिंग हे तिन्ही त्यांच्या गळ्यात घालू नका. एखादं घाला, अगदीच राहवत नसेल तर.

आमच्या बाई रुजू झाल्या त्या आठवड्यात त्यांनी एकच अर्ज दिला. पगाराचा नव्हता, खुर्चीचाही नव्हता. ओपीडीच्या दिवशी ११ ते १ जनरेटर बंद ठेवावा, आणि लाइट गेलीच तर ऑडिओमीटर छोट्या बॅटरीवर चालवायची सोय करावी. प्राचार्यांनी त्यावर तिथल्या तिथे सही केली. ती सूचना अजून जनरेटरच्या पत्र्यावर चिकटवलेली आहे, आणि शिपाई मामा किल्ली खिशात घालून दोन तास पिंपळाखाली बसतात.